आटलेल्या सरोवराचा हिशेब

उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरू लागले, की काठच्या टेकड्यांवर एकाखाली एक पट्टे दिसू लागतात. पाणी जिथे जास्त दिवस थांबले, तिथला पट्टा ठळक. जिथून ते भराभर उतरले, तिथे पुसट. अमेरिकेच्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी हे शहर आहे. त्याच्या पूर्वेला वासाच पर्वत उभा आहे आणि त्याच्या उतारावर असेच पट्टे आहेत. फक्त ते धरणाचे नाहीत. सर्वांत वरचा पट्टा आजच्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराच्या पाण्यापासून जवळपास ३०० मीटर उंचीवर आहे. हा पट्टा डोंगराच्या कडेकडेने, दऱ्यांच्या आत शिरून, पुन्हा बाहेर येऊन शेकडो किलोमीटर जातो. सभोवार वाळवंट आणि मिठाची मैदाने, आणि डोंगरावर मात्र लाटांनी कोरलेला किनारा.

हे पट्टे आधीच्या प्रवाशांनाही दिसले होते. अमेरिकी लष्कराच्या हॉवर्ड स्टॅन्सबरी यांनी १८४९-५० मध्ये या भागाची पाहणी करताना त्यांची नोंद केली होती, आणि इथे पूर्वी मोठे पाणी असणार हेही ओळखले होते. पण पाणी होते, एवढे म्हणणे वेगळे आणि ते कधी वाढले, किती वेळा वाढले, कुठून वाहून गेले, का आटले, याचा हिशेब मांडणे वेगळे. तो हिशेब ज्यांनी पहिल्यांदा नीट मांडला, ते भूवैज्ञानिक म्हणजे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट.

गिल्बर्ट यांचा जन्म ६ मे १८४३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे झाला. वडील स्वतःच्या हिमतीवर शिकलेले व्यक्तिचित्रकार होते. चित्रांच्या कमाईवर घर चालायचे म्हणजे जेमतेमच चालायचे. मुलगा अंगाने नाजूक, पण गणितात पक्का. गावातल्याच विद्यापीठातून ते १८६२ मध्ये पदवीधर झाले. अभ्यासात ग्रीक, लॅटिन आणि गणिताचा भरणा होता, भूविज्ञान अगदी तोंडी लावण्यापुरते. पदवीनंतर मिशिगन राज्यातल्या जॅक्सन या गावी शाळामास्तर म्हणून गेले, पण वर्गावर त्यांचा वचक बसेना. वर्ष पुरे व्हायच्या आतच ते घरी परतले. पुढे पाच वर्षे त्यांनी रोचेस्टरमधल्या हेन्री वॉर्ड यांच्या संस्थेत काढली. जीवाश्म, खनिजे, प्राण्यांचे सांगाडे गोळा करायचे आणि महाविद्यालयांना, संग्रहालयांना विकायचे, असा वॉर्ड यांचा व्यवसाय होता. गिल्बर्ट तिथे नमुने निवडत, त्यांना चिठ्ठ्या लावत.

त्या नोकरीत असताना एक काम त्यांच्याकडे आले. न्यूयॉर्क राज्यातच कोहोज इथे एका गिरणीचा पाया खणताना मॅस्टोडॉन या हत्तीच्या नामशेष झालेल्या चुलतभावाचा सांगाडा सापडला. तो सापडला होता नदीच्या पात्रातल्या एका जुन्या रांजणखळग्यात. आपल्याकडे निघोजला कुकडी नदीत जे दिसतात, तसलेच हे खळगे. बाकीच्यांचे डोळे हाडांवर होते. गिल्बर्ट यांचे डोळे खळग्यांकडे आणि शेजारच्या धबधब्याकडे गेले. धबधब्याचा कडा झिजत मागे सरकतो, पण किती वेगाने? घळीच्या उतारावर उगवलेल्या झाडांची वर्तुळे मोजून त्यांनी तो वेग काढण्याचा प्रयत्न केला आणि सुमारे ३५ हजार वर्षांचा अंदाज बांधला. आकडा आज कुणी वापरत नाही. पण ज्याला घड्याळ नाही अशा गोष्टीत घड्याळ शोधायची ही सवय त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

१८६९ मध्ये ओहायो राज्याच्या भूवैज्ञानिक पाहणीत त्यांना उमेदवारासारखी जागा मिळाली. तिथे मॉमी नदीच्या खोऱ्यात सपाट शेतांतून जाणारे वाळूचे लांबलचक बांध त्यांनी पाहिले. आजच्या ईरी सरोवराचा पूर्वज हिमयुगात जिथवर पसरला होता, तिथले हे किनारे. म्हणजे युटाचे पट्टे पाहण्याआधीच जुना किनारा कसा ओळखायचा, याचा सराव त्यांना झालेला होता.

पश्चिमेकडे ते गेले १८७१ मध्ये, लेफ्टनंट जॉर्ज व्हीलर यांच्या लष्करी पाहणीबरोबर. पहिल्याच हंगामात नेवाडाचे डोंगर, डेथ व्हॅलीचा रखरखाट आणि मग कोलोरॅडो नदीतून होड्या प्रवाहाविरुद्ध ओढत, वल्हवत ग्रँड कॅन्यनच्या आत. साहस म्हणून हे ठीक होते, पण गिल्बर्ट वैतागले होते. लष्कराला हवे होते नकाशे. तळ रोज हलायचा, आणि खडक पाहायला थांबायला सवड नसायची. तरीही १८७२ च्या युटातल्या फेरीत त्यांनी डोंगरांवरचे पट्टे पाहिले आणि मनात नोंदवून ठेवले. पाहणीचा अहवाल १८७५ मध्ये छापून आला. त्यात त्यांनी त्या नाहीशा झालेल्या सरोवराला लेक बॉनव्हिल असे नाव दिले. बेंजामिन बॉनव्हिल हे १८३० च्या दशकात या बाजूला फिरलेले लष्करी कप्तान. त्यांनी स्वतः ग्रेट सॉल्ट लेक पाहिले असेल, अशी शक्यता कमीच. नावांच्या बाबतीत इतिहास नेहमीच असा उदार असतो.

अहवाल छापून येण्याआधीच गिल्बर्ट जॉन वेस्ली पॉवेल यांच्या पाहणीत दाखल झाले होते. पॉवेल हे एका हाताने अधू, कोलोरॅडो नदी पहिल्यांदा उतरून गेलेले धाडसी गृहस्थ. दोघांची जोडी जमली ती कायमची. पॉवेल यांच्याकडे कल्पनांचा सुकाळ होता, तर गिल्बर्ट यांच्याकडे त्या तपासून पाहण्याचा धीर. १८७९ मध्ये अमेरिकेची भूवैज्ञानिक पाहणी संस्था स्थापन झाली, तेव्हा ग्रेट बेसिनच्या विभागाची जबाबदारी गिल्बर्ट यांच्याकडे आली आणि कचेरी सॉल्ट लेक सिटीत थाटली गेली. आता त्यांना हवे ते मिळाले होते, एकच प्रश्न आणि पुरेसा वेळ.

ग्रेट बेसिन हा प्रदेश समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा हा भूभाग. इथल्या नद्या समुद्राला मिळत नाहीत. डोंगरावरून उतरतात, सखल भागात पसरतात आणि सूर्य त्यांचे पाणी उचलून नेतो. अशा बंद सरोवराला ना दार, ना सांडवा. आवक वाढली की ते पसरते. पसरले की उन्हाला पृष्ठभाग जास्त मिळतो, बाष्पीभवन वाढते आणि कुठेतरी जमा-खर्च जुळतो. पाऊस कमी झाला की सरोवर आक्रसते. थोडक्यात, बंद खोऱ्यातले सरोवर हा निसर्गाने ठेवलेला पर्जन्यमापक आहे, आणि त्याचे जुने किनारे म्हणजे हवामानाच्या जुन्या नोंदी.

गिल्बर्ट यांच्या विचारातली मला सर्वांत आवडणारी पायरी इथे येते. बंद सरोवराची पातळी सतत हलत राहणार. दोन ओली वर्षे आली की वर, तीन कोरडी आली की खाली. मग सर्वांत वरचा पट्टा इतका ठळक आणि एकाच पातळीवर का? लाटांना इतका खोल किनारा कोरायचा असेल, तर पाणी त्याच उंचीवर बराच काळ थांबायला हवे. आणि पाणी असे थांबते फक्त एकाच कारणाने. हौद काठोकाठ भरून वाहू लागला, की त्याची पातळी आणखी वाढत नाही. म्हणजे या सरोवराला कुठेतरी सांडवा असला पाहिजे. त्या पट्ट्याच्या खाली, शंभराहून अधिक मीटरवर, दुसरा तितकाच जबरदस्त किनारा होता. त्याला त्यांनी प्रोव्हो असे नाव दिले. त्यालाही हाच तर्क लागू. पाणी दोन वेगवेगळ्या उंचींवर दीर्घकाळ वाहत राहिले होते. मधल्या भागात मात्र तसा ठसा नाही. याचा अर्थ वरून खाली येताना ते झपाट्याने उतरले.

सांडवा सापडला उत्तरेला, आयडाहो राज्यात, रेड रॉक पास या खिंडीत. तिथे आज नदी नाही, पण मोठ्या नदीची घळ आहे. वरच्या बाजूला सैल गाळ आणि दगडगोट्यांचा थर, खाली पक्का खडक. गिल्बर्ट यांनी चित्र जुळवले. सरोवर भरत भरत खिंडीच्या उंबरठ्याशी आले. उंबरठा होता गाळाचा. पाणी त्यावरून वाहू लागले आणि गाळ कापू लागले. वाट जितकी खोल, तितके पाणी जास्त. पाणी जितके जास्त, तितकी वाट आणखी खोल. कच्च्या मातीच्या बंधाऱ्याला भगदाड पडल्यावर काय होते, ते आपल्याला पानशेतने शिकवले आहे. हे कापणे थांबले ते खालचा खडक लागल्यावर, आणि त्या खडकाच्या पातळीवर प्रोव्होचा किनारा तयार झाला.

या पुराचा खरा आवाका गिल्बर्ट यांच्या काळात कुणालाच कळला नव्हता. पाणी खिंडीतून पोर्टनफ नदीच्या वाटेने स्नेक नदीत शिरले, तिथून कोलंबियात आणि पॅसिफिक महासागरात. स्नेक नदीच्या काठी मोटारीएवढे गुळगुळीत धोंडे विखुरलेले आहेत. ते या पुराने आणले, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. आजच्या अंदाजाने पूर ऐन भरात असताना सेकंदाला सुमारे दहा लाख घनमीटर पाणी वाहत होते, म्हणजे ॲमेझॉनच्या सरासरी प्रवाहाच्या पाचपट. ही घटना साधारण १८ हजार वर्षांपूर्वीची.

पट्टे ही हिशेबाची एक बाजू. दुसरी बाजू होती तळाशी. ओल्ड रिव्हर बेड नावाच्या कोरड्या पात्रात जुना सरोवरतळ उभा कापला गेला होता, जणू केकचा काप. खाली पिवळ्या चिकणमातीचा जाड थर, वर पांढऱ्या चुनखडीयुक्त गाळाचा पातळ थर. आणि दोहोंच्या मध्ये, ही खरी गंमत, ओढ्यांनी आणलेली वाळू आणि खडी. खडी पाण्याखाली खोल तळाशी येत नाही. ती उघड्या जमिनीवर, पावसाच्या लोंढ्यांबरोबर येते. म्हणजे सरोवर एकदा भरले, मग आटून जमीन उघडी पडली, आणि पुन्हा भरले. गिल्बर्ट यांनी निष्कर्ष काढला, की पहिले भरणे दीर्घ पण काहीसे कमी उंचीचे, तर दुसरे अल्पकाळाचे पण सर्वांत उंच. वासाच पर्वतातल्या हिमनद्यांनी दरीच्या तोंडाशी टाकलेले दगडमातीचे ढीग आणि सरोवराचा गाळ यांचा संबंध पाहून त्यांनी हे दोन ओले काळ हिमयुगातल्या दोन थंड काळांशी जोडले.

हे आज साधे वाटते. पण तेव्हा हिमयुग एकच झाले की अनेक, यावर वाद चालू होता, आणि वाळवंट हे पूर्वीपासून वाळवंटच होते, असा सर्वसाधारण समज होता. हजारो किलोमीटर दूर कॅनडावर बर्फाचा थर वाढतो आणि इकडे वाळवंटात सरोवर भरते, ही सांगड घालायला पुरावा लागतो. शेजारच्या नेवाडात लेक लाहोंटन या दुसऱ्या आटलेल्या सरोवरावर गिल्बर्ट यांचे सहकारी इस्रायल रसेल यांनी काम केले. तिथेही भरणे, आटणे आणि पुन्हा भरणे, असाच क्रम निघाला. एका खोऱ्याचा योगायोग असू शकतो, दोन खोऱ्यांचा सहसा नसतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची पद्धत आली. मग गाळात खोल नळ्या घालून नमुने काढले गेले. आता कळते, की गेल्या काही लाख वर्षांत या खोऱ्यात अनेकदा मोठी सरोवरे भरली आणि आटली. त्यातले शेवटचे, म्हणजे आपण ज्याला बॉनव्हिल म्हणतो ते, सुमारे ३० हजार वर्षांपूर्वी वाढू लागले आणि सुमारे १५ हजार वर्षांपूर्वीनंतर झपाट्याने ओसरले. गिल्बर्ट यांच्या थरांचे वय आणि संख्या नव्याने लावावी लागली. मूळ चौकट मात्र टिकली. बर्फाच्या थरांमुळे वादळांची वाट दक्षिणेला सरकली, थंडीने बाष्पीभवन कमी झाले आणि जमा-खर्चाचे पारडे पाण्याच्या बाजूने झुकले, असे आज मानले जाते.

एक कोडे मात्र गिल्बर्ट यांना वेगळ्याच दिशेला घेऊन गेले. पाणी सगळीकडे एका पातळीत असते, म्हणून जुना किनाराही एका पातळीत हवा. उंची मोजत गेल्यावर तो तसा नव्हता. सरोवराच्या मधोमध बेटांसारख्या असलेल्या डोंगरांवर वरचा पट्टा कडेच्या पट्ट्यापेक्षा बराच उंच होता. मोजमापात चूक? भूकंपांनी डोंगर उचलले? की पाण्याचे वजन? तीनशे मीटर खोल आणि सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटर पसरलेले पाणी. एवढ्या भाराखाली भूकवच मध्यभागी खोलगट झाले असेल, आणि पाणी गेल्यावर हळूहळू पुन्हा वर आले असेल. पलंगाच्या गादीवरून माणूस उठल्यावर येते तसे. गिल्बर्ट यांनी हे तर्क एकेक करून मांडले, प्रत्येकाचा परिणाम कसा दिसायला हवा ते ठरवले, आणि मग प्रत्यक्ष उंचींशी ताडून पाहिले. पाण्याच्या भाराचा तर्क सर्वांत जुळला. १८८६ मध्ये शास्त्रीय पद्धत उदाहरणाने कशी शिकवावी, यावर त्यांनी लिहिलेला लेख याच कोड्यावर आधारलेला आहे. तो आजही विद्यार्थ्यांनी वाचावा असा आहे. पुढच्या मोजणीत मध्यभागाची ही उसळी सुमारे ७० मीटर भरली. पृथ्वीच्या पोटातला खडक किती घट्ट आणि किती वाहता आहे, हे काढायला भूभौतिकशास्त्रज्ञांनी याच पट्ट्यांचा वापर केला.

बॉनव्हिलवरचा मोठा ग्रंथ १८९० मध्ये निघाला. पाहणी संस्थेच्या ग्रंथमालेत त्याचा क्रमांक पहिला, पण तो निघाला त्याच मालेतली दुसरी बरीच पुस्तके आल्यानंतर. कारण सरळ आहे. १८८१ मध्ये पॉवेल संस्थेचे संचालक झाले आणि त्यांनी आपल्या विश्वासू माणसाला वॉशिंग्टनला बोलावून कारभाराच्या कामाला जुंपले. मैदानातल्या माणसाला टेबलामागे बसवले, की विज्ञानाचे काय होते, याचे हे जुने उदाहरण.

घरीही दिवस बरे नव्हते. गिल्बर्ट यांनी १८७४ मध्ये फॅनी पोर्टर यांच्याशी लग्न केले होते. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची लहान मुलगी बेसी घटसर्पाने गेली. घटसर्पावरचे प्रतिविष तयार व्हायला अजून काही वर्षे होती, लस तर फारच दूर होती. गळ्यात पडदा धरला, की आईबापांनी शेजारी बसून पाहायचे, एवढेच हातात होते. पत्नीची प्रकृती पुढे कायमची ढासळली. दोन मुलगे होते, पण संसार असा राहिला नाही. उतारवयात गिल्बर्ट वॉशिंग्टनमध्ये प्राणिशास्त्रज्ञ हार्ट मेरियम यांच्या कुटुंबात राहत.

याच काळात, सप्टेंबर १८८३ मध्ये, त्यांनी सॉल्ट लेक सिटीच्या वृत्तपत्रात नागरिकांसाठी एक लेख लिहिला. सरोवराचे किनारे मोजताना त्यांना एक गोष्ट खटकली होती. वासाच पर्वताच्या पायथ्याशी जुन्या किनाऱ्याचा गाळ जागोजागी पायरीसारखा तुटलेला होता. सरोवर आटल्यानंतरचा गाळ तुटला, म्हणजे पर्वत अजून उचलला जातो आहे, आणि तो हळूहळू नव्हे तर धक्क्याधक्क्याने. ताण साठत जातो, खडक एकमेकांना धरून ठेवतात आणि एक दिवस पकड सुटते. त्यालाच भूकंप म्हणतात. ज्या ठिकाणी अशा ताज्या पायऱ्या दिसतात, तिथला ताण नुकताच मोकळा झाला आहे. ज्या ठिकाणी दिसत नाहीत, तिथे तो अजून साठतो आहे. आणि ज्या पट्ट्यात त्या दिसत नव्हत्या, त्याच्या पायथ्याशी सॉल्ट लेक सिटी वसले होते. कधी, हे सांगता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. लोक धक्का बसेपर्यंत बांधकामाची पद्धत बदलणार नाहीत आणि नंतर दुःखाने लाकडाची घरे बांधतील, असेही त्यांना वाटत होते.

हा इशारा मला त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत धाडसी वाटतो. तेव्हा भूकंप कशामुळे होतात याबद्दलच एकमत नव्हते, आणि हा माणूस भरभराटीला येणाऱ्या शहराला त्याच्याच अंगणातला धोका दाखवत होता. नंतर चर खणून केलेल्या अभ्यासातून दिसले, की शहराजवळच्या भागात शेवटचा मोठा भूकंप सुमारे १३०० ते १४०० वर्षांपूर्वी झाला, आणि दोन मोठ्या भूकंपांतले सरासरी अंतरही जवळपास तेवढेच आहे. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने काढलेल्या अंदाजानुसार वासाच परिसरात ५० वर्षांत ६.७५ किंवा त्याहून मोठ्या भूकंपाची शक्यता ४३ टक्के आहे. १८ मार्च २०२० रोजी शहराच्या पश्चिमेला मॅग्नाजवळ ५.७ तीव्रतेचा धक्का बसला. तो मोठा म्हणावा असा नव्हता, तरी विटांच्या जुन्या इमारतींना त्याने तडे पाडले.

प्रत्येक वेळी त्यांचा तर्क बरोबर निघाला, असे मात्र नाही. १८९१ मध्ये ॲरिझोनातल्या एका वाटोळ्या खळग्याच्या कडेला लोखंडी उल्केचे तुकडे सापडल्याचे कळल्यावर ते तिथे गेले. उल्का आदळून खळगा झाला असेल, तर जमिनीत लोखंडाचा मोठा गोळा पुरलेला असणार, आणि होकायंत्राची सुई हलणार, असे त्यांनी धरले. सुई हलली नाही. मग त्यांनी भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटाचा पर्याय उचलला. आदळताना उल्केचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन उडून जातो, हे तेव्हा माहीत नव्हते. १८९६ मध्ये या शोधाची हकीकत लिहिताना त्यांनी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचाही उल्लेख केला, दोन्ही खळग्यांतले साम्य पाहून. साम्य बरोबर होते, कारण चुकले होते. ॲरिझोनाचा खळगा आणि लोणार, दोन्ही उल्कापातानेच झाल्याचे विसाव्या शतकात सिद्ध झाले. गंमत अशी, की चंद्रावरचे खळगे आघाताने झाले असे गिल्बर्ट यांनी १८९३ मध्येच लिहिले होते, जेव्हा बहुतेक जण त्यांना ज्वालामुखी समजत होते.

पुढे अलास्कातल्या हिमनद्या झाल्या, १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला. त्या वेळी ते जवळच बर्कलेमध्ये होते आणि लगेच पाहणीला निघाले. मग कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींचा प्रश्न आला. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने डोंगर धुऊन सोने काढण्याच्या पद्धतीमुळे नद्यांत अफाट गाळ उतरला होता. तो पनामा कालव्याच्या खोदकामाच्या जवळपास आठपट असल्याचा हिशेब गिल्बर्ट यांनी मांडला, आणि तो गाळ लाटेसारखा खाली सरकत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत कसा जातो, ते दाखवले. माणसाचा उद्योग अख्ख्या नदीचा स्वभाव बदलतो, हे मोजून सांगणारे ते आरंभीचे काम.

आता पुन्हा त्या खाऱ्या सरोवराकडे. १८७८ च्या पॉवेल यांच्या कोरडवाहू जमिनींवरील अहवालात गिल्बर्ट यांचे एक प्रकरण आहे. वसाहती सुरू झाल्यापासून ग्रेट सॉल्ट लेकचे पाणी काही फूट चढले होते. नांगरामागे पाऊस येतो, असे शेतकऱ्यांना तेव्हा मनापासून वाटे. गिल्बर्ट यांनी पातळी मोजायला खुणेचे खांब रोवले आणि त्याआधीच्या वर्षांसाठी गुराख्यांना गाठले. बेटावर गुरे नेताना उथळ वाटेवर पाणी कुठवर लागायचे, घोड्याच्या गुडघ्याला की पोटाला, हे त्यांना आठवत होते. त्या आठवणींतून त्यांनी तीस वर्षांचा आलेख उभा केला.

तिथून पुढे ठेवल्या गेलेल्या नोंदी आज उपयोगी पडत आहेत. १९८६-८७ मध्ये सरोवर इतके फुगले होते, की पाणी उपसायला पंप बसवावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते नोंदींतल्या सर्वांत खालच्या पातळीला गेले. दोहोंत फरक जेमतेम सात मीटरचा. पण तळ परातीसारखा उथळ असल्याने पाण्याचा पसारा साडेआठ हजार चौरस किलोमीटरवरून अडीच हजारांच्या आसपास आला. हवामान हे एक कारण. दुसरे म्हणजे सरोवराला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी शेतीकडे आणि शहरांकडे वळवलेले आहे. उघड्या पडलेल्या तळातली धूळ वाऱ्याबरोबर शहरावर येते. तिच्यात आर्सेनिकसारखे घटक आहेत, आणि बारीक धुळीने दमा व हृदयविकाराच्या रुग्णांचा त्रास वाढतो, हे सर्वमान्य आहे. याच ग्रेट बेसिनमध्ये कॅलिफोर्नियाचे ओवेन्स सरोवर लॉस एंजेलिसने १९१३ पासून पाणी वळवल्यावर काही वर्षांतच कोरडे पडले होते. पुढे कित्येक दशके ते अमेरिकेतल्या हवेतल्या धुळीचे सर्वांत मोठे एकल उगमस्थान होते. ती धूळ दाबून ठेवायला आजही पाणी आणि पैसा ओतावा लागतो.

गिल्बर्ट शेवटपर्यंत ग्रेट बेसिनच्या डोंगरांवरच काम करत होते. हे डोंगर भ्रंशांवर उचलले गेले आहेत, हा त्यांचा तरुणपणीचा सिद्धांत काहींनी नाकारला होता आणि त्यांना पुराव्यानिशी उत्तर द्यायचे होते. १९१८ च्या वसंतात ते पुन्हा पश्चिमेकडे निघाले. वाटेत जॅक्सनला, जिथे कधीकाळी वर्ग आवरला नव्हता त्याच गावी, बहिणीच्या घरी आजारी पडले. १ मे रोजी, पंचाहत्तरी पुरी व्हायला पाच दिवस असताना, त्यांचे निधन झाले. डोंगरांवरचे हस्तलिखित अपुरे होते. पाहणी संस्थेने ते दहा वर्षांनी, १९२८ मध्ये छापले.